बाकावरची भक्ती

आमच्या चर्चमधल्या बाकांवर बसून ज्याला झोप लागेल, त्याला मी योगी म्हणेन. हे बाक अस्सल सागवानी आहेत, असं म्हातारी माणसं अभिमानानं सांगतात. मला ते खडकातून कोरून काढल्यासारखे वाटतात. बसायची फळी इतकी अरुंद, की धड बसता येत नाही. आणि पाठीची फळी इतकी सरळ, की धड टेकता येत नाही. उभं राहणं आणि बसणं यांच्या दरम्यानची एक तिसरीच अवस्था आमच्या पूर्वजांनी सुताराकडून करवून घेतली आहे. त्यात पाळकसाहेबांचा उपदेश पंचेचाळीस मिनिटांचा. दहाव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते, विसाव्या मिनिटाला पायांचा ताबा मुंग्या घेतात आणि तिसाव्या मिनिटाला माणूस खरोखरच मनोभावे प्रार्थना करू लागतो. उपदेश लवकर संपावा, एवढंच त्याचं मागणं असतं.

या बाकांना गाद्या कराव्यात, असा ठराव मंडळीच्या वार्षिक सभेत मीच मांडला. मी बँकेत कारकून. दिवसभर खुर्चीवर बसून पगार घेणारा माणूस. बसण्याच्या शास्त्रावर अधिकारवाणीनं बोलण्याचा हक्क मला नाही तर कुणाला? पण ठरावाला पहिला विरोध माझ्या वडिलांनीच केला. अण्णा निवृत्त मराठीचे मास्तर. सभेत ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "गादीवर बसून वधस्तंभाची गाणी म्हणायची, म्हणजे पंख्याखाली बसून घाम गाळल्याच्या बढाया मारण्यासारखं आहे." तरुणांनी टाळ्या वाजवल्या. तरुणांच्या कमरा मजबूत असतात. शेवटी आपल्याकडे नेहमी होतं तेच झालं. एक उपसमिती नेमण्यात आली, थोडी वर्गणी जमली आणि ती माझ्याच सल्ल्यानं मुदत ठेवीत टाकण्यात आली. त्या ठेवीची मुदत आजवर दोनदा संपली आहे. गाद्यांचा पत्ता नाही. व्याज मात्र चोख मिळतं.

आता आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं. कारण 'मी ख्रिस्ती आहे' म्हटलं, की बँकेतले माझे स्नेही अजूनही, "म्हणजे मूळचे गोव्याचे का?" असं विचारतात. आम्ही मूळचे नगरचेच. २०२४ साली नगरचं कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी एस.टी.च्या थांब्यावर 'नगर, नगर' असंच ओरडतात, त्या नगरचे. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. म्हणजे आमच्या चार-पाच पिढ्या इथल्याच बाजरीवर पोसल्या गेल्या. आमच्या घरी नाताळात करंज्या आणि शेव असते, पुरणपोळीला आमची कसलीही धार्मिक हरकत नाही आणि चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडून आम्ही नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो. झांज वाजवणारा उत्साही असला, तर पाळकसाहेबांना मध्येच हात वर करून थांबवावं लागतं.

त्यातून नगर जिल्हा पडला देवांचा. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती आमच्या नेवाशाला. साईबाबा शिर्डीला. मेहेरबाबा अरणगावला. शनिदेव शिंगणापूरला, जिथल्या घरांना दारं नाहीत म्हणून प्रसिद्धी. २०११ साली तिथं एका बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा आमच्या बँकेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आमचे मॅनेजर म्हणाले, "विश्वास असावा तर असा!" आणि तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या नीट जागेवर आहेत ना, ते पुन्हा एकदा पाहून आले.

माझाही विश्वास साधारण त्या मॅनेजरच्या जातीचा होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे देवाशी माझा व्यवहार जमाखर्चाचा. दर रविवारी उपासनेला हजर, ही जमा. अर्पणाच्या थैलीत नोट, ही जमा. नाताळात गायनमंडळात चौथ्या रांगेत उभं राहून तोंड हलवणं, हीसुद्धा जमाच. खर्चाच्या बाजूला माझ्या मागण्या. त्याही फार नव्हत्या. बदली जामखेडला न होता सावेडीला व्हावी, मुलीला दहावीत चांगले गुण मिळावेत, गच्चीची गळती थांबावी. गच्ची सोडली तर बहुतेक मागण्या मंजूर होत गेल्या. माझं खातं व्यवस्थित चालू आहे, अशी माझी खात्री झाली.

अण्णांना हे पटत नसे. ते म्हणत, "अरे, देव म्हणजे तुझी बँक नव्हे." मी म्हणे, "अण्णा, बँकेसारखा देव असता तर बारा ते साडेबारा जेवणाची सुट्टी असती." ते हसत नसत. मास्तर लोक स्वतःच्या विनोदाशिवाय हसत नाहीत.

एका सोमवारी पहाटे अण्णा न्हाणीघरात पडले. डाव्या मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं. चाळीस वर्षं ज्या माणसानं मुलांना व्याकरण शिकवलं, त्याच्याजवळ शब्द उरला एकच: 'बरं'. डॉक्टरांनी सांगितलं, अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द शाबूत राहतो. पाणी हवं असलं तरी 'बरं'. दुखत असलं तरी 'बरं'. माझ्यावर चिडले तरी 'बरं'च, फक्त जरा मोठ्यानं. आई गेल्याला सहा वर्षं झाली होती. ती असती तर त्या एका शब्दाचे पन्नास अर्थ तिनं बिनचूक ओळखले असते. आम्हाला शिकायला महिने लागले.

मग मी प्रार्थनेला लागलो. आजवर किरकोळ मागण्या करत आलो होतो, आता एक मोठी रक्कम काढायची होती आणि खात्यात शिल्लक भरपूर आहे, अशी माझी समजूत होती. मंडळीही धावून आली. घरी प्रार्थनासभा झाल्या. सतरंज्या अंथरल्या गेल्या. आमच्या हिनं चहाची एवढी पातेली चढवली, की गवळ्यानं चौकशी केली, "घरात लगीन हाय का?" बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी अण्णांच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकवीस दिवसांत ते बोलू लागतील, असं सांगून गेले. एकवीस हा आकडा आला कुठून, असं मी विचारलं नाही. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागलो.

एकविसाव्या दिवशी मी रजा घेतली. अण्णांच्या पलंगाशी बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत ते बारा वेळा बोलले. बारा वेळा 'बरं'.

त्याच आठवड्यात उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं म्हणाले, "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल, बाबा. तपासून पाहा." तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली, आत गाद्यांच्या उपसमितीची सभा सुरू होत होती आणि कापड खादीचं की रेक्झिनचं, यावर दोन तट पडले होते. मी सायकल स्टँडपाशी उभा राहून ती भांडणं ऐकली आणि घरी आलो. पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

वाचकहो, जन्मभर रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्या माणसाला एकदम रविवारची सकाळ मोकळी मिळाली, की तिचं काय करायचं ते कळत नाही. पहिल्या रविवारी मी मटणाच्या रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या रविवारी स्कूटर धुतली. तिसऱ्या रविवारी शेजाऱ्यांची स्कूटर धुतली. चौथ्या रविवारी शेजाऱ्यांनी बायकोमार्फत निरोप पाठवला, की साहेबांना काही त्रास आहे का. ही काही बोलली नाही. ती मुलीला घेऊन चर्चला जायची, येताना माझ्या वाटचा निरोप कुणी दिला असेल तर तो तसाच गिळून टाकायची. मी घरी अण्णांजवळ. देवावर रुसलेला मुलगा आणि बोलता न येणारा बाप, असे दोघं समोरासमोर. घड्याळाची टिकटिक आमच्या दोघांपेक्षा जास्त बोलायची.

एका रविवारी काहीतरी करायचं म्हणून मी अण्णांच्या कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं. अण्णांनी ते शाळेत इतक्यांदा शिकवलं होतं, की पानांचे कोपरे गोल झाले होते. मी ते कधीच नीट वाचलेलं नव्हतं. बापाच्या आवडीचं पुस्तक मुलानं वाचायचं नसतं, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या पानाला पलंगावरून आवाज आला. मी दचकून पाहिलं. अण्णा हसत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होते. आजारानंतर पहिल्यांदा.

मग आमचा नेमच झाला. रविवारी दहा वाजता, चर्चची घंटा व्हायच्या वेळी, आम्ही लक्ष्मीबाईंना बोलावत असू.

टिळकांची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, त्यांनी तो वाचला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. (मला आगगाडीत सहप्रवाशांनी आजवर फक्त 'जरा सरका' एवढाच उपदेश दिला आहे.) पण गाडीत न बसलेल्या बाईचं काय झालं, ते लक्ष्मीबाईंनी लिहिलं. तिचा जन्म नाशिकजवळ जलालपूरचा, १८६८ सालचा. बापाला सोवळ्याचं वेड. नवरा कवी, तापट, विसराळू आणि घरातला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळा होणारा. आणि एक दिवस कळतं, की नवऱ्यानं धर्मच बदलला. पुढची चार-पाच वर्षं ताटातूट. नातेवाइकांच्या घरी लहान मुलाला घेऊन दिवस काढायचे. जिवंत नवऱ्याच्या बाईनं कुठल्या नावानं जगायचं, हेही ठरेना. आपण एक एकवीस दिवसांचं कॅलेंडर उलटून गेलं म्हणून चर्च सोडून बसलो. आणि ही बाई?

मला वाटत होतं, आता ती नगरला येईल, सभेत भाषण ऐकेल, डोळ्यांत पाणी येईल आणि बाप्तिस्मा घेईल. आमच्याकडे साक्षी देतात त्या तशाच असतात. तसं काहीच झालं नाही. ती आली ती सोवळं घेऊन. नवरा ख्रिस्ती, हिचा स्वयंपाक वेगळा. पाणी कुणी आणायचं, शिवायचं कुणाला, इथपासून रोजचा घोळ. एकेक गोष्ट तिला टोचत होती. आणि टोचणाऱ्या गोष्टीकडे ती पाठ फिरवत नव्हती, तिच्याशी भांडत होती. शेवटी एका रात्री तिनं अंथरुणात पडल्यापडल्या जातिभेदाचा हिशेब स्वतःच मांडला: ह्या जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर आलं, माणसानं. सकाळी उठून ती कुणाच्याही हातचं खायला तयार झाली. उपदेश नाही, डोक्यावर हात नाही. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला.

आणि मौज अशी, की हे सगळं ती हसत हसत सांगते. त्रागा नाही, मोठेपणा नाही. नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणाही हसत सांगते आणि स्वतःचा बावळटपणाही. ते वाचताना मला पहिल्यांदाच वाटलं, की देवावर रुसलेला माणूस निदान थोडं हसला तरी चालतं.

टिळकांचंही तसंच. बाप्तिस्मा घेतला आणि सगळं गोड झालं, असं नाही. ज्या मंडळीत ते आले, ती परदेशी सदरा घालून आणि मिशनच्या ताटाकडे बघत बसलेली पाहून त्यांचा जीव तळमळे. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, भजनं दिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून. दोन वर्षांत, १९१९ साली, ते गेले. 'ख्रिस्तायन' अर्धंच राहिलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या धर्मांतरानं तिचा संसार मोडला, त्याच धर्माचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य पुरं करायला ही बाई बसली. अक्षरओळखसुद्धा जिला लग्नानंतर झाली, ती.

हे वाचून संपलं त्या रविवारी मी अण्णांना विचारलं, "अण्णा, या दोघांना चर्च आवडत होतं का हो?" अण्णा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात हलवून म्हणाले, "बरं." तो 'बरं' कुठल्या जातीचा होता, ते मला त्या वेळी कळलं नाही.

मी पुन्हा पवित्र शास्त्र काढून चाळायला लागलो. पण आता वेगळ्या डोळ्यांनी. बँकेत एखाद्या खात्याची तपासणी करताना आधी नाकारलेल्या अर्जांची फाइल मागवतात, तसं. आणि काय सांगू, त्या फाइलीत एवढी मोठी माणसं निघाली! पौलानं शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर मिळालं, पण काटा काही निघाला नाही. ईयोबाचं तर सगळं पुस्तकच तक्रारीचं. आणि त्याचे मित्र येऊन त्याला जे सांगतात, ते थेट आमच्या सायकल स्टँडवरचं: तुझंच काहीतरी चुकलं असणार, तपासून पाहा! देव शेवटी रागावतो तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर. हे वाचून मला झालेला आनंद फारसा धार्मिक नव्हता, हे कबूल करतो. दीडशे स्तोत्रांच्या त्या पुस्तकात कितीतरी स्तोत्रं म्हणजे सरळसरळ गाऱ्हाणी. आणि वधस्तंभावर स्वतः ख्रिस्त, देवानं आपल्याला का सोडलं, असं विचारतो. त्यालाही त्या घटकेला उत्तर आलेलं नाही. मग माझा अर्ज नामंजूर झाला, तर मी एवढा दरवाजा आपटून का निघालो होतो?

हा प्रश्न घेऊन मी काही दिवस हिंडलो. उत्तर मिळालं ते बँकेत, माझ्याच काउंटरवर.

हल्ली बँकेत काम थांबायला संप लागत नाही. संगणकाची लिंक गेली, की झालं. 'लिंक नाही' हे दोन शब्द मी आयुष्यात 'प्रभू' या शब्दापेक्षा जास्त वेळा उच्चारले असतील. तो दिवस निराधार योजनेचं अनुदान जमा होण्याचा. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं सकाळपासून रांगेत. साडेदहाला लिंक गेली. अकराला लोक कुरकुरायला लागले, साडेअकराला ओरडायला लागले. एकानं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. बाराच्या सुमारास रांग मोडली. राहिली एक म्हातारी. सत्तरीच्या पुढची, नऊवारी, हातात पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत. काउंटरसमोर बाकड्यावर बसलेली.

मी म्हणालो, "आजी, लिंक नाही. उद्या या."

"नसंना का," म्हातारी म्हणाली. "मी बसते."

"अहो, कधी येईल सांगता येत नाही."

"तुम्हाला कुठं म्हणलं सांगा म्हणून? पैसं माझंच हायेत ना, कुठं जात्यात?" आणि तिनं पिशवीतून भाकरी काढली. थोड्या वेळानं एक चतकोर आणि त्यावर ठेचा, असं काचेखालून माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही बी खाऊन घ्या. सकाळपासून लोक तुम्हालाच बोलत्यात. तुमच्या हातात हाय का काय?"

काउंटरच्या आत खाद्यपदार्थ घ्यायला आमच्याकडे मनाई आहे. मी खाल्ला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी दोन तास बसली. मधून मधून माझ्याकडे बघून मान हलवायची, जणू लिंक माझीच गेली होती आणि ती मला धीर द्यायला थांबली होती. सव्वादोनला लिंक आली. तिनं पैसे घेतले, दोनदा मोजले आणि, "येते बरं का," म्हणून गेली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अण्णांच्या पलंगापाशी बसलो आणि प्रार्थना केली. पुष्कळ महिन्यांनी. मागितलं काहीच नाही. लिंक नाही तर नाही; मी बसतो, एवढंच मनात होतं. दहा मिनिटं गेली असतील. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "बरं." आणि या वेळी मला कळलं. माझ्या बापाला 'आमेन' म्हणता येत नव्हतं. 'आमेन' म्हणजे तरी काय? तसं होवो. एवढे महिने हा माणूस पलंगावर पडल्यापडल्या येणाऱ्या प्रत्येक दिवसाला 'आमेन' म्हणत होता आणि मी कॅलेंडरवर खुणा करत त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो.

पुढच्या रविवारी अण्णांना चाकाच्या खुर्चीत घालून आम्ही चर्चला गेलो. मंडळीनं अशी वाट करून दिली, जणू लग्नाचं वऱ्हाड आलंय. मला बाजूला घेणारे ते वडीलधारे पुढे होऊन खुर्ची पायऱ्यांवरून उचलायला लागले. त्यांचं स्वतःचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, तरी ऐकेनात. त्यांच्यावरचा माझा राग तिसऱ्या पायरीपर्यंत टिकला. चौथ्या पायरीवर ते धापा टाकत, "लागलं तर नाही ना, मास्तर?" असं अण्णांना विचारायला लागले, आणि मग राग धरून ठेवणं अवघडच झालं.

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांची लांब प्रार्थना. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, पावसासाठी, राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मिळावी म्हणून. त्या दिवशी राज्यकर्त्यांवर ते फारच वेळ रेंगाळले. मंडळीत चुळबुळ सुरू झाली. बाक करकरायला लागले. पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले, आणि त्या शांततेत अण्णांचा खणखणीत मास्तरी आवाज घुमला:

"बरं!"

आधी शब्बाथ शाळेची पोरं हसली. मग बायकांची बाजू. मग गायनमंडळ. शेवटी पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "मास्तरांनी आमेन म्हटलंय, तेव्हा मीही थांबतो." पंचेचाळीस वर्षांत मी चर्चमध्ये इतकं हसू ऐकलं नव्हतं. अण्णांचा अर्धा चेहरा अभिमानानं फुलला होता. मी मात्र पुस्तकात तोंड घालून बसलो होतो. गाणं कुठलं चाललंय ते दिसत नव्हतं. चष्मा ओला झाला होता.

अण्णा त्यानंतर पाच महिने होते. बोलू लागले नाहीत. शेवटच्या रात्री मी जवळ होतो. शेवटचा शब्द काय होता, ते तुम्ही ओळखलंच असेल. कारण पर्याय नव्हता.

यातून मला मोठा साक्षात्कार झाला, असं मी म्हणणार नाही. मी अजूनही बदलीसाठी प्रार्थना करतो. गच्ची अजूनही गळते. कुणी 'विश्वास कमी पडला' म्हणालं, तर माझे कान अजून तापतात. पण आजाऱ्याच्या घरी गेलो, की आता मी मोठी प्रार्थना करत नाही. जवळ बसतो. चहा आला तर पितो. विचारलं तर बोलतो. कुणाच्याही घरातल्या कॅलेंडरवर मात्र खुणा करायला लावत नाही.

गेल्या वार्षिक सभेत गाद्यांचा विषय पुन्हा निघाला. ठेवीची मुदत तिसऱ्यांदा संपत आली होती आणि व्याजासकट रेक्झिनच काय, मखमलसुद्धा परवडली असती. मूळ ठराव माझा, म्हणून अध्यक्षांनी मला बोलायला उभं केलं. मी चष्मा पुसला आणि सांगितलं, की त्या पैशातून पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार बांधावा. बाक राहू द्यावेत तसेच. थोडं टोचलं, की माणूस जागा राहतो.

टाळ्या झाल्या, या वेळी म्हाताऱ्यांच्या. ठराव एकमतानं मंजूर. उपसमिती नेमण्यात आली आहे.

बरं.